एका चुलीवर एकच कर्ज

गुरुवारी सकाळी नणंद पहिल्या बसने उतरली. हातात नुसती पर्स, कपड्यांची पिशवी नाही. दारात सुतळी सोडवत बसलेल्या, रिकाम्या पोत्यांचा धंदा करणाऱ्या बारदानवालीने तेवढ्यावरून ओळखलं की ही राहायला आलेली नाही, निकाल द्यायला आली आहे.

नणंद शहरातल्या शाळेत शिकवायची. बावीस वर्षं पोरांची भांडणं सोडवून तिला सवयच लागली होती. दोन माणसं जरा आवाज चढवून बोलायला लागली की ती चष्मा वर सरकवायची आणि आधी सुरुवात कोणी केली ते विचारायची. भावजयांच्या बाबतीत मात्र सुरुवात कोणी केली हे तिला बहुधा आधीच ठाऊक असायचं.

"वहिनी, मी कुणाची बाजू घ्यायला आलेली नाही," चपला काढता काढता ती म्हणाली.

"बसा ना वन्सं. चहा टाकते."

"चहा राहू दे. आधी बोलून घेऊ."

ही चहाला नाही म्हणते म्हणजे धाकट्या दिराने हिला फोनवर चांगलीच तयार करून आणलंय, हे उघड होतं. बारदानवालीने सुतळीचा गुंडा बाजूला ठेवला आणि ती उठली. आजचा दिवस तिने महिनाभर मनात घोळवला होता, आणि त्या दिवसात नणंद कुठेच बसत नव्हती.

दुपारी बाराला बचत गटाच्या मॅडम घर बघायला येणार होत्या. तिसऱ्या फेरीचं कर्ज मंजूर झालं होतं, चेक मॅडमच्या बॅगेत तयार होता. दोनच गोष्टी राहिल्या होत्या. मॅडमनी घर एकदा डोळ्यांनी बघायचं, आणि गटातल्या शेवटच्या बाईची जामिनाची सही घ्यायची. पाच बायकांचा गट. एकीने कर्ज घेतलं की बाकीच्या चौघी तिला जामीन. शिंपीण, दोरवाली आणि चहावाली यांनी गेल्या बैठकीतच सह्या ठोकल्या होत्या. चौथी म्हणजे धाकटी जाऊ, अंडेवाली. ती त्या दिवशी बैठकीला आलीच नव्हती. मोठी ऑर्डर आहे म्हणाली होती. घरातलीच तर आहे, जाते कुठे, असं म्हणून बारदानवालीने ते मनावर घेतलं नव्हतं.

आणि मिलच्याच नावाने काढलेला तो चेक हातात पडला की चारच्या आत मिल गाठायची होती. वळणावरची पिठाची मिल वर्षातून एकदा गोदाम रिकामं करायची. चार हजार रिकामी पोती, सगळी एकगठ्ठा, शंभर-दोनशेचा व्यवहार नाही. दरवर्षी तो लॉट शहरातला व्यापारी उचलायचा आणि मग त्याच्याकडून थोडी थोडी पोती चढ्या भावाने बारदानवाली विकत आणायची. यंदा गोदामाच्या कारकुनाने तिला बोलावून सांगितलं होतं, "बाई, गुरुवारी चारपर्यंत पैसे आणा, माल तुमचा. चार वाजून गेले की मी शहरात फोन लावणार."

सहा वर्षांपूर्वी पहिल्या कर्जात तिने साठ पोती घेतली होती आणि रात्रंदिवस दाभण चालवून ती शिवली होती. दुसऱ्याच वर्षी एक घोळ झाला. खताची तीस पोती तिने धुऊन वाळवून धान्याची म्हणून विकली. मनात पाप नव्हतं, धुतली की झालं असंच तिला वाटलं होतं. बियाण्याच्या व्यापाऱ्याचं बी त्या पोत्यांत वाया गेलं आणि तो दारात येऊन जे बोलला ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. तिने तीसही पोती परत घेतली, बियाण्याची भरपाई आठ महिने केली, आणि तेव्हापासून एक गोष्ट पाळली. ज्या पोत्यात जे होतं तेच सांगायचं. आता ती पोत्यात नाक घालून सांगायची की यात आधी तांदूळ होता, यात पेंड, यात सिमेंट. व्यापारी तिची पोती उलटी करूनही बघत नसत. या नाकाचा तिला अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवला नाही.

मधल्या खोलीत साडेअकराच्या सुमाराला सगळे जमले. सासूबाई भिंतीला टेकून सुतळीचे गुंडे वळत होत्या. बारदानवालीचा नवरा धान्यबाजारात काट्यावर माप करायचा. तो अर्धी रजा टाकून आला होता आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला होता. अंडेवाली मागच्या दाराशी ओल्या फडक्याने एकेक अंडं पुसून ट्रेमध्ये ठेवत होती. तिने मान वर केली नव्हती. तिचा नवरा, बसचा कंडक्टर, उभा होता. बसायला जागा असली तरी तो उभाच राहायचा.

"सरळ बोलतो वहिनी," कंडक्टर म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका."

"बोला भावोजी. वाटायचं ते वाटेलच."

"तीन वर्षं झाली, गटाच्या कागदावर आपल्या घरात दोन चुली आहेत. तुमची वेगळी, आमची वेगळी. दोन चुली म्हणजे दोन घरं. मग वाटणी करायला हरकत काय? मला बाकी काही नको. रस्त्याकडची खोली द्या."

बारदानवालीला हसावं की रडावं कळेना. रस्त्याकडच्या खोलीतच तर तिचं सगळं बारदान होतं. आणि ही दुसरी चूल कुठून आली हे कंडक्टरला पुरतं माहीत होतं, कारण तिच्या विटा त्यानेच आणून दिल्या होत्या. गटाचा नियम होता, एका चुलीवर एकच कर्ज. धाकटीला अंड्यांच्या धंद्यासाठी गटात यायचं होतं, आणि एकत्र घरातल्या दोघींना एका गटात घेत नसत. तेव्हा सासूबाईंनीच मागच्या पडवीत तीन विटा मांडल्या, वर मातीचा हात फिरवला, शेजारी दोन पातेली ठेवली. तेव्हाच्या तपासनिसाने दारातूनच बघितलं आणि लिहून घेतलं. तो गेल्यावर त्या चुलीवर अंड्यांचे ट्रे रचले गेले, आणि जेवताना सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. थाप इतकी सोयीची होती की ती थाप आहे हे पुढे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

"खोली घेऊन करणार काय?" तिने विचारलं.

"दुकान टाकेन. छोटंसं." कंडक्टरचा आवाज जरा खाली आला. "अठरा वर्षं उभा आहे मी वहिनी. लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत जागा करून दिली. आता माझे गुडघे पुढे सरकायला तयार नाहीत. रात्री जिना चढताना काय होतं ते मलाच ठाऊक. खुर्ची टाकून बसेन म्हणतो."

हे खरं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो असं बोलला असता तर तिने त्याला आधी तेल गरम करून दिलं असतं. दीर वाईट नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसानेच नेमक्या दिवशी पाय आडवा घातला होता.

"आणि माझी पोती?"

"मागे पडवीत."

"पडवीत फार तर चारशे मावतील. चार हजार येतायत भावोजी."

"येतायत की नाही ते आज ठरेल," कंडक्टर म्हणाला, आणि त्याने बायकोकडे पाहिलं. "हिची सही राहिलीय ना? खोलीचं ठरल्याशिवाय ती सही करणार नाही."

फडकं क्षणभर थांबलं, पुन्हा फिरायला लागलं. धाकटी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बारदानवालीला आता उलगडा झाला. मोठी ऑर्डर वगैरे काही नव्हती तर. हिला आधीपासून माहीत होतं.

"त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, वहिनी," नणंदेने चष्मा सरकवला. "खोली बाबांची. दोघा भावांचा सारखा हक्क. तू बोल ना रे दादा."

"मी काय बोलणार?" काटेवाला म्हणाला. "दोन्हीकडे माझीच माणसं."

दिवसभर परक्यांच्या मालाचं वजन ग्रॅमपर्यंत सांगणारा हा माणूस घरात कधी एका बाजूला झुकला नव्हता. सोळा वर्षांच्या संसारात बारदानवालीने त्याबद्दल त्रागा करणं सोडून दिलं होतं.

"वन्सं, वाटणी व्हायला आधी वेगळं असावं लागतं," ती म्हणाली. "आम्ही कुठे वेगळे आहोत? चूल एकच आहे. ती पडवीतली कागदापुरती."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहून दिलंत?"

नणंदेने ज्या सुरात विचारलं त्या सुराने खोलीतली सगळी मोठी माणसं आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. बारदानवालीला मात्र आपण कशात सापडलोय ते आता स्वच्छ दिसलं. दोन चुली आहेत म्हणावं तर दीर खोली मागतो. खोली गेली तर चार हजार पोती काय डोक्यावर ठेवायची? एकच चूल आहे म्हणावं तर नियम मोडला, कर्ज गेलं, आणि धाकटीचंही नाव गटातून कटलं. मधली वाट एकच होती, मॅडमना दोन सांगायच्या आणि घरात एक. ती वाट त्यांनी तीन वर्षं वापरली होती.

"हो, लिहून दिलं," ती म्हणाली. "आता देणार नाही. मॅडम आल्या की मी त्यांना सांगणार, चूल एकच आहे."

"डोकंबिकं फिरलंय का वहिनी?" कंडक्टर खरोखर घाबरला. "कर्ज जाईल ना."

"जाऊ दे. मिल काही पळून जात नाही. पुढच्या वर्षी घेईन, नाहीतर त्याच्या पुढच्या. माझं पोतं लोक उलटं न करता घेतात भावोजी. माझं घर उलटं करून बघायची वेळ मी कुणावर आणणार नाही."

बोलून टाकल्यावर तिला हलकं वाटलं. धाकटीने पहिल्यांदाच मान वर केली.

"आणि माझं काय, जाऊबाई?" तिने विचारलं. "माझे अजून सात हप्ते आहेत."

"ते मी बघते. तुझा धंदा बुडू देणार नाही."

"तुम्ही सगळ्यांचं सगळं बघता," धाकटी म्हणाली. त्यात कौतुक होतं की तक्रार ते बारदानवालीला कळलं नाही, आणि विचारायला वेळही मिळाला नाही. कारण बाहेर स्कूटर थांबली होती.

मॅडम तीस-बत्तीसच्या, घाईतल्या, गळ्यात दोरीने अडकवलेला पेन. त्यांनी पाणीसुद्धा उभ्यानेच घेतलं. आणखी तीन घरं बघायची आहेत म्हणाल्या. रस्त्याकडच्या खोलीत त्यांनी पोत्यांच्या थप्प्या पाहिल्या. अखंड वेगळी, ठिगळाची वेगळी, फाटकी वेगळी. थप्पीवर हात ठेवून त्यांनी खुशीत मान हलवली. स्वयंपाकघरात डोकावून पहिल्या चुलीसमोर फॉर्मवर खूण केली.

"आता दुसरी दाखवा."

पडवीकडे जाताना बारदानवालीने मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. मागून सगळं घर येत होतं, सासूबाई सुद्धा, गुंडा हातात घेऊन.

"मॅडम, तुम्ही लिहायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "ही जी चूल आहे ना, ती—"

पण या मॅडम दारातून बघून लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या उकिडव्या बसल्या होत्या, आणि त्यांनी चुलीच्या विटेवर हात टेकला होता. तो त्यांनी झटकन मागे घेतला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

बारदानवाली बघतच राहिली. अंड्यांचे ट्रे भिंतीशी रचलेले होते. चुलीवर झाकण ठेवलेलं पातेलं होतं आणि झाकणाच्या फटीतून वाफ येत होती. विटा आतून काळ्याभोर झालेल्या. मागच्या भिंतीवर काजळीचा हा मोठा पट्टा. फळीवर मिठाचा डबा, तेलाची बाटली, तिखटाची बरणी, आणि तिने जन्मात न पाहिलेला एक छोटा डाव. मांडून ठेवलेली चूल अशी दिसत नाही. ही रोजची चूल होती. अंड्यांच्या ट्रेंनी पडवी भरल्यापासून बारदानवाली इकडे फिरकलीच नव्हती.

"सकाळीच लावला भात," धाकटी हळू म्हणाली. "आज सगळे घरी म्हणून लवकर."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं होतील आता."

"रोज?"

"रोज नाही," धाकटी म्हणाली, आणि मग तिलाच ते पटलं नाही. "दुपारचं रोज."

दोन वर्षांपूर्वी बारदानवाली भाताचं एक माप कमी टाकायला लागली होती. पहाटे सगळ्यांचा दिवसभराचा स्वयंपाक करून ती बाहेर पडायची, आणि तीनला परत यावं तर भात उरलेला असायचा. का उरतो हे तिने कधी विचारलं नाही. माणसं वयाला आली, खाणं कमी झालं, असं तिनेच आपलं ठरवून टाकलं होतं.

"सुरुवातीला नुसती अंडी उकडायची," धाकटी सांगत होती. एकदा बोलायला लागल्यावर ती थांबेना. "तडकलेली. ती विकली जात नाहीत. पोरं शाळेतून भुकेली यायची, गार भात त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. मग एक दिवस त्यांच्यापुरता भात टाकला. मग भाजी. मग माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय. माझ्या हाताने, माझ्या वेळेला, मला हवं तेवढं तिखट. दुपारचा तो एक तास घर माझं असतं."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. चार दिवस तोंड पाडून हिंडला असतात, आणि कुणी विचारलं तर काही नाही म्हणाला असतात. मला ते बघवलं नसतं, जाऊबाई."

बारदानवालीने अगदी तेच केलं असतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या वर राग आला. ती सासूबाईंकडे वळली.

"आई, तुम्ही तर दिवसभर घरी असता."

"तिच्या भाजीत मीठ कमी असतं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या तब्येतीला बरं पडतं."

"म्हणजे तुम्ही जेवता इथे?"

"दुपारचं फक्त."

नणंद आईकडे अशी बघत राहिली की जणू वर्गातल्या सगळ्यात शहाण्या मुलीच्या दप्तरात कॉपी सापडली. बारदानवालीने शेवटची आशा म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोकं खाजवलं.

"बाजारातून मधेच आलो की वास यायचा," तो म्हणाला. "मला वाटलं तुला माहीत असेल. पोत्यातला महिन्यापूर्वीचा तांदूळ कळतो तुला."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात बसवलं. घरात आणखी एकाच माणसाला काही माहीत नव्हतं, तो म्हणजे कंडक्टर. दुपारी तो नेहमी बसमध्ये असायचा. पण त्याने स्वतःला पटकन सावरलं.

"मग झालं की. चुली खरोखरच दोन निघाल्या. नियम मोडलेला नाही, कर्ज जात नाही. आणि मी म्हणतोय तेही खरं ठरलं. आता ती खोली—"

"तुम्ही जरा थांबा," धाकटी म्हणाली.

ती नवऱ्याला सगळ्यांसमोर कधी असं बोलली नव्हती. कंडक्टर थांबला. सवयीने त्याने पडवीचा खांब धरला.

"चूल मी मांडली. खोली मी मागितलेली नाही. महिनाभर तुम्ही माझ्या सहीच्या जोरावर बोलताय, मी गप्प बसले, कारण तुमचे गुडघे मी रोज रात्री चोळते. पण माझी चूल तुमच्या दुकानाला जामीन नाही." तिने पदराने हात पुसले. "मला सांगा, दुकानात विकणार काय?"

"ते बघू ना नंतर. बिस्किटं, साबण."

"गल्लीत बिस्किटाची चार दुकानं आहेत. तुम्ही पाचवे. आणि त्या खोलीत चार हजार पोती आली तर चार गावचे व्यापारी, त्यांची माणसं, त्यांचे टेम्पो, सगळे आपल्या दारात. त्यांना सुतळी लागेल, दाभण लागेल, चहाबरोबर उकडलेलं अंडं लागेल. आज मी अंडी डोक्यावर घेऊन हॉटेलं फिरते. उद्या गिऱ्हाईक चालत येणार आहे, आणि तुम्ही ते बाहेर काढून साबण मांडताय."

"मग मी बसू कुठे?"

"खिडकीत. रस्त्याकडे एवढी मोठी खिडकी आहे, तीन वर्षं पोत्यांनी बुजवून ठेवलीय जाऊबाईंनी. खिडकी तुमची, खोली त्यांची. पोत्यांना काही बाहेरचं दिसावं लागत नाही."

बारदानवालीने त्या खिडकीचा विचार केला. पुढची थप्पी हातभर मागे घेतली तर एक खुर्ची आणि एक फळी सहज बसत होती. हे आपल्याला सुचलं नाही आणि हिला सुचलं, याचं तिला नवल वाटलं. अंडी पुसत खाली मान घालून बसणारी ही बाई दोन वर्षं नुसता भात शिजवत नव्हती.

"भावोजी, टेम्पो आला की पोती मोजून घ्यायलाही माणूस लागेल," ती म्हणाली. "बसून मोजायची. आणि व्यापाऱ्यांना रांगेत उभं करायला तुमच्यासारखा आवाज आमच्यापैकी कुणाचा नाही."

कंडक्टरने खांब सोडला. त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा आईकडे. हरल्यासारखं दिसू नये एवढीच त्याची धडपड होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

"खुर्ची हाताची लागेल," तो शेवटी म्हणाला. "टेकायला पाठ हवी."

"खिडकीचं मला पटतं," नणंदेने जाहीर केलं. "मी येतानाच बसमध्ये तोच विचार करत होते." कुणी तिला अडवलं नाही.

"माझ्याकडे दहा मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चेक काढून फॉर्मवर ठेवला आणि पेन गळ्यातून काढून धाकटीपुढे धरला. "जामीन म्हणून इथे सही."

धाकटीने पेन घेतला, पण टेकवला नाही.

"जाऊबाई, आधी तुम्ही एकदा म्हणा. सगळ्यांसमोर."

"काय म्हणू?"

"की माझी चूल वेगळी आहे. आणि त्याचा तुम्हाला राग नाही."

बारदानवालीने दारातून आत, स्वयंपाकघरातल्या आपल्या मोठ्या पातेल्याकडे पाहिलं. या घरात ती आली तेव्हापासून सगळ्या घराचा भात तिच्या हातचा होता. पोती, गट, कर्ज हे सगळं नंतरचं. दमून भागून आल्यावर त्या मोठ्या पातेल्याकडे बघून तिला वाटायचं की हे घर आपण धरून ठेवलंय. आता ते स्वतःच्या तोंडाने सोडायचं होतं. मिलचा लॉट मिळवायला एवढं एकच वाक्य पुरेसं होतं, आणि चार हजार पोती उचलण्यापेक्षा ते जड होतं.

"राग आहे," ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. कंडक्टरने डोळे मिटले.

"राग आहे, आणि तो जाईल तेव्हा जाईल. उगाच नाही म्हणून तुला फसवणार नाही. पण तुझी चूल वेगळी आहे." आवाज कापला, तिने तो कापू दिला. "वेगळी आहे, आणि चांगली चाललेली दिसते. मॅडम, असंच लिहा. या घरात दोन चुली आहेत."

धाकटीने सही केली. एकदा केली ती डोळ्यांतल्या पाण्यामुळे ओळीच्या बाहेर गेली, म्हणून मॅडमनी तिला खाली पुन्हा करायला लावली.

"आता जेवणारी माणसं," मॅडम भराभर लिहू लागल्या. "पहिल्या चुलीवर?"

"आम्ही दोघं. मुलगी शिकायला बाहेर असते, सुट्टीत येते. तीन लिहा."

"दुसऱ्या?"

"चार," धाकटी म्हणाली.

"आणि आजी?"

"सकाळ-संध्याकाळ हिच्याकडे, दुपारी तिच्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, फॉर्मवर एकच चौकोन आहे."

"मग चौकोन दोन करा. चुली दोन होतात तर चौकोन व्हायला काय झालं? आणि जिकडे कर्ज मोठं तिकडे मला लिहू नका, मला वसुलीला कोण उचलून नेणार."

मॅडमनी शेवटी त्यांचं नाव दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर लिहिलं. चेक बारदानवालीच्या हातात दिला, तिच्याकडून पावती घेतली आणि स्कूटर सुरू केली. एक वाजायला आला होता.

त्यानंतर घरात थोडा वेळ कुणाला काय करावं ते सुचेना. एरवी या वेळेला जो तो आपल्या कामावर असायचा. नणंदेला भूक लागली होती, पण कुठल्या चुलीपाशी जाऊन विचारावं ते तिला ठरवता येईना, आणि न ठरवता येणं तिच्या सवयीचं नव्हतं. कंडक्टर पुढच्या खोलीत जाऊन खिडकीची रुंदी वितीने मोजत होता. काटेवाला पहिली थप्पी मागे घ्यायला लागला होता, कुणी न सांगता.

बारदानवालीने चेक पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली, आणि निघायचं म्हणून ती मागच्या दाराने पडवीत आली. मिल पाऊण तासाच्या चालीवर होती. वेळ भरपूर होता.

"जेवून जा," धाकटी म्हणाली.

"मला बोलावतेस?"

"बोलावतेय. इतके दिवस घरातल्या होता, घरातल्यांना कोण बोलावतं?"

पडवीत चुलीसमोर एक पाट टाकलेला होता. बारदानवाली उभीच राहिली. सोळा वर्षं ती सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसत आली होती. पातेल्याच्या तळाचं, गार झालेलं, जे उरलं असेल ते, आणि बहुतेक वेळा तेही उभ्यानेच. आधी बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला म्हणू दिलं नव्हतं.

ती बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली. धाकटीने झाकण काढलं, पहिला डाव भरून तिच्या ताटात वाढला आणि शेजारी भाजी घातली. भाताची वाफ सरळ तिच्या तोंडावर आली. भाजीत मीठ खरंच कमी होतं, तिखट बेताचं होतं, आणि सगळं कडकडीत गरम होतं. ती जेवत राहिली. नणंद दारात येऊन उभी राहिली, तिला जेवताना बघून काहीतरी म्हणणार होती, आणि न म्हणताच तिच्या शेजारी खाली बसली.

"आणखी वाढू?" धाकटीने विचारलं.

बारदानवालीने आधी पातेल्यात किती उरलंय ते बघितलं नाही.

"वाढ," ती म्हणाली.